सुताची साक्ष

हातकताई ही आपल्याकडे अखंड चालत आलेली परंपरा आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. विणकाम टिकले, रंगकाम टिकले, पैठणीचा आणि इरकलीचा माग हलाखीत का होईना चालू राहिला. कातणे मात्र मधल्या काळात जवळजवळ पुसले गेले होते. आज ज्या चरख्याला आपण वारसा म्हणतो, तो माळ्यावरून खाली काढून, धूळ झटकून, पुन्हा शिकून चालता केलेला आहे. ज्यांनी तो चालता केला त्यांनी कातण्याला यज्ञ म्हटले. हे पुस्तक कातायला शिकवणारे आहे. पण एक मेलेली कारागिरी उठवणे आणि तिलाच साधना मानणे, या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या आणि त्यातले आज आपण काय घ्यायचे, हे सांगितल्याशिवाय वाचकाच्या हाती टकळी देणे मला बरे वाटत नाही.

कातणेच आधी का मेले, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. कापूस ते कापड या वाटेवर सर्वांत जास्त वेळ खाणारी पायरी कातण्याची. एक माग दिवसभर चालता ठेवायचा तर कित्येक चरख्यांचे सूत लागे. त्यामुळे यंत्राने सर्वांत मोठा फरक पाडला तो इथेच. आधी विलायतेचे सूत आले, मग आपल्याच गिरण्यांचे. कावसजी दावरांची मुंबईतली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये. कोष्टी, साळी, मोमीन यांनी गिरणीचे सूत मागावर चढवले, कारण ते स्वस्त होते, एकसारखे होते आणि ताण्यात तुटत नव्हते. विणकर तगला, कातणारी मागे पडली. कातणारी म्हणजे बहुतेक ठिकाणी बाई: घरचे आणि शेतातले काम उरकून चार पैसे जोडणारी, कित्येकदा विधवा. तिच्या मिळकतीची कुणी फारशी दखल घेतली नव्हती, म्हणून ती बंद पडल्याचीही घेतली नाही. हिंगणघाटच्या बाजारातून कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईला जात राहिल्या आणि तो कापूस पिकवणाऱ्या घरांतून चरखा दिसेनासा झाला.

गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा त्यांनी स्वतः चरखा पाहिलेला नव्हता, हे त्यांनीच आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे. १९१५ मध्ये अहमदाबादजवळ आश्रम निघाला तेव्हाही तिथे आधी माग आला आणि त्यावर गिरणीचेच सूत चढले. आपण गिरणीचे बिनपगारी दलाल होऊन बसलो आहोत, हे लवकरच ध्यानात आले. मग शोध सुरू झाला. गंगाबेन मजमुदार या धाडसी विधवा बाईने गुजरातभर भटकून बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधून काढले. ते माळ्यावर पडून होते. घरोघरच्या बायका म्हणाल्या, पिंजलेल्या कापसाचे पेळू मिळाले आणि सूत कुणी विकत घेतले तर कातू. म्हणजे हाताला आठवण होती. साखळी तुटली होती. कापूस पिंजणारा नाही, पेळू वळणारा नाही, सूत घेणारा नाही. कुठलीही कारागिरी बुडते तेव्हा ती अशीच बुडते. कौशल्य सगळ्यांत शेवटी जाते. त्याआधी त्याच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे गेलेली असतात.

याच सुमारास गांधीजी मुंबईला मणिभवनात आजारातून उठत होते. तिथे त्यांच्या खोलीत चरखा आला. अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या बायका तिथे कातायला शिकल्या. मराठी वाचकांना त्यांची दुसरीही ओळख असायला हवी: १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. चरख्याच्या गुणगुणण्याचा आपल्याला बरे वाटण्यात वाटा होता आणि तो शरीरापेक्षा मनावर जास्त होता, असे गांधीजींनी लिहिले आहे. आज कातण्याबद्दल जे सर्रास बोलले जाते, की मन शांत होते, विचार थांबतात, झोप लागते, त्याची ही पहिली छापील नोंद म्हणायला हरकत नाही. पण इथे थांबले तर चरखा हे एक औषध ठरते, आणि औषध बरे वाटले की सुटते. गांधीजी इथे थांबले नाहीत.

१९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमाला दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहिले. त्या तुरुंगाला ते येरवडा मंदिर म्हणत. या पत्रांचे पुस्तक ‘मंगल प्रभात’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात स्वदेशीवरचे प्रकरण तुरुंगात लिहिलेले नाही. स्वदेशीवर लिहायचे तर राजकारण येणार आणि तुरुंगातून राजकारण लिहायचे नाही, हा नियम त्यांनी पाळला. यज्ञाबद्दल मात्र त्यांनी तिथूनच लिहिले, आणि त्यांचा यज्ञ गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला आहे: दुसऱ्याच्या भल्यासाठी, मोबदल्याची इच्छा न ठेवता केलेले काम. कातणे यज्ञ झाले ते या अर्थाने. यात कातणाऱ्याच्या मनःशांतीचा उल्लेख ओघाने येतो. मुख्य गोष्ट अशी, की सूत आपल्या हातून निघून दुसऱ्याच्या उपयोगी पडले पाहिजे. मांडीवर ठेवून चालवायचा, घडी करून पेटीत बसणारा जो चरखा आपण आज पेटीचरखा म्हणून ओळखतो, त्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव याच तुरुंगामुळे मिळाले.

या विचाराला महाराष्ट्रात हात आणि बुद्धी दोन्ही दिली ती विनोबांनी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ घरोघर आहे, त्यामुळे विस्तार नको. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची आहे: बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली पाहिजे, तिलाच ते विकर्म म्हणतात, ती मिळाली म्हणजे कर्माचे ओझे उरत नाही. वाचायला हे सोपे वाटते. पण विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला राहायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःवर जो प्रयोग केला तो सोपा नव्हता. रोज आठ-नऊ तास कातायचे, खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाच्या दराने त्या सुताची जी मजुरी होईल तेवढ्यातच जेवण भागवायचे. ब्रह्मविद्येचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आपल्या पोटाचा हिशेब कातणाऱ्या बाईच्या हिशेबाला बांधून घेतला. ती मजुरी इतकी तुटपुंजी होती की ताटातच तिचा निकाल लागत होता. साधना कशाला म्हणायचे, हे मला ‘गीता प्रवचने’इतकेच या प्रयोगातूनही कळते.

साधनेच्या नावाखाली पळवाटा निघायला वेळ लागत नाही, हेही तेव्हाच दिसून आले होते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. तिथे ठरले की काँग्रेसच्या सभासदाने चार आण्यांच्या वर्गणीऐवजी महिन्याला २,००० वार एकसारखे कातलेले सूत द्यावे. ते स्वतः कातलेले असावे. आजारपण, नाखुशी किंवा तत्सम कारण असेल तर दुसऱ्याने कातलेलेही चालेल. त्या ‘नाखुशी’ने सगळा निकाल लावला. सूत विकत घेऊन सभासद होता येऊ लागले आणि वर्ष सरायच्या आत, १९२५ मध्ये, पाटण्याला ही अट सैल करावी लागली. तिथेच अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. पण त्या ठरावातला एक शब्द मला मोलाचा वाटतो: एकसारखे. कातणाऱ्याचा भाव काय आहे हे कुणी तपासू शकत नव्हते; सूत एकसारखे आहे की नाही, हे कुणालाही तपासता येत होते.

या सगळ्यावरचा सर्वांत सखोल आक्षेप रवींद्रनाथ ठाकुरांचा होता. १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२५ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले. सगळ्यांनी एकच यांत्रिक हालचाल रोज करत राहायची, याने माणसाचे मन बोथट होते. आपल्या जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या तेच ते काम करायला लावून हेच केले आहे. मग त्याच दावणीला देशाने पुन्हा का बांधून घ्यायचे? गांधीजींनी दोन्ही वेळा उत्तर दिले. पहिल्यांदा म्हणाले की भुकेल्याला देव दिसलाच तर कामाच्या आणि मजुरीच्या रूपातच दिसेल. दुसऱ्यांदा म्हणाले की कवीने कविता सोडावी असे कोण म्हणतो, अर्धा तास कातावे एवढेच. या वादाचा निकाल लावण्याच्या भरीला मी पडत नाही. पण कातणाऱ्या प्रत्येकाने रवींद्रनाथांचा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. नुसते चाक फिरवून कुणी शहाणा होत नाही. मन दुसरीकडे सोडून देऊन तासन्‌तास कातता येते, आणि तसे कातलेले सूत मी हातात घेऊन पाहिलेले आहे.

म्हणून आता जरा जवळून पाहू. टकळी म्हणजे पितळेची एक चकती आणि तिच्यातून गेलेली वीतभर लोखंडी काडी, वरच्या टोकाला आकडी. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत पेळू धरायचा, इतका हलका की त्यातले तंतू सुटे राहतील, आणि इतका घट्ट की पीळ आत शिरणार नाही. उजव्या हाताने टकळीला चिमटीतून फिरकी द्यायची. आता डावा हात वर जायला लागतो आणि पेळूच्या तोंडातून तार निघते. इथे कातण्याचे सगळे शास्त्र आहे. पीळ नेहमी आधी बारीक जागी धावतो. जिथे तार बारीक निघाली तिथे पीळ बसून ती जागा पक्की होते. जिथे जाड राहिली तिथे पीळ कमी पोचतो, म्हणून ती जागा अजून ओढता येते. ओढ योग्य असेल तर जाड जागा आपोआप बारीक होत जाते आणि तार सारखी होते. घाई केली, तर पीळ पोचण्याआधी तंतू एकमेकांवरून घसरतात आणि तार तुटते. उशीर केला, तर जाड जागेतही पीळ भरतो. मग ती गाठ कायमची. ओढ आणि पीळ यांचा मेळ ठेवायला जो क्षण मिळतो तो निम्म्या सेकंदापेक्षा मोठा नसतो, आणि तो दर हाताला नव्याने येतो. रवींद्रनाथांना द्यायचे उत्तर मला इथे सापडते. हालचाल तीच असते, तार दर वेळी वेगळी असते. लक्ष हालचालीवर ठेवणाऱ्याला कंटाळा येतो. तारेवर ठेवणाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही.

त्यात हवामान आहे. वैशाखात वर्ध्याकडे हवा इतकी कोरडी होते की तंतू फिस्कारतात आणि तार दर हाताला तुटते. मृगाचा पाऊस पडला की तोच कापूस, तोच हात आणि सूत निमूट निघते. त्यात पेळूही आहे. नीट पिंजलेल्या कापसाचा पेळू असेल तर नवशिका कातून जातो. सरकीची कवडी आणि पाल्याचा कचरा राहिलेला असेल तर मुरलेला हातही अडखळतो. कातणाऱ्याच्या शांततेत पिंजणाऱ्याचा मोठा वाटा असतो. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या पिंजाऱ्यांनी केले, खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरत केले, आणि आध्यात्मिक ग्रंथांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

काम हीच भक्ती, हा विचार मराठी माणसाला नवा नाही. सावता माळी, नरहरी सोनार, नामदेव शिंपी, गोरा कुंभार अशी आपली संतमंडळीच व्यवसायाच्या नावाने ओळखली जाते. पण त्यांच्या गोष्टी आपण निम्म्याच सांगतो. तेरच्या गोरोबाकाकांची चिखल तुडवतानाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: नामस्मरणात दंग होऊन तुडवताना पायाखाली पोटचे पोर आले. ही तल्लीनतेची थोरवी म्हणून सांगितली जाते. कारागिराला मात्र ती भीतीदायक वाटली पाहिजे. पायाखाली काय आहे याचे भान सुटले की काय होते, ते यात आहे. गोरोबांची दुसरी गोष्ट मला अधिक जवळची वाटते. संतांचा मेळा जमलेला, मुक्ताईने थापटणे दाखवून विचारले, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते कळायला. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. नामदेव रागावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले. या गोष्टीत कुंभार आपल्या धंद्याची कसोटी भक्तीला लावतो आहे. मोठे नाव, विठ्ठलाशी सलगी, यातले काही त्या थापटण्यापुढे चालत नाही. कारागिरीने अध्यात्माला देण्यासारखे काही असेल तर ते हे थापटणे आहे.

सुताचे थापटणे तिहेरी आहे: अंक, कस आणि समानता. ४ फुटांची एक तार धरतात, १६० तारांची एक लटी, ६४० तारांची गुंडी. खादी संस्थांत आता १,००० मीटरची गुंडी धरतात. जुने कातणारे अजून तारा मोजतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा अंक. म्हणजे अंक जास्त, तितके सूत बारीक. गुंडी काट्यावर ठेवली की अंक कळतो, वजन लावून ताणली की कस कळतो आणि काळ्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी गुंडाळली की समानता डोळ्यांना दिसते. यात कुणाला काही विचारावे लागत नाही. पुठ्ठ्यावरचे सूत पाहून अनुभवी माणूस सांगतो की इथे बोलत होतात, इथे घाई झाली, इथे हात दमला. आपले मन दिवसभर कुठे होते, याचा इतका तटस्थ लेखी पुरावा देणारी दुसरी साधना मला ठाऊक नाही. जपमाळ किती वेळा फिरली ते कळते. कशी फिरली ते कळत नाही.

हिशेबही करून ठेवावा, म्हणजे उगाच हवेत तरंगणे होत नाही. २० अंकाची एक गुंडी साधारण २३ ग्रॅम भरते. २५० ग्रॅमचा सदरा घ्यायचा तर ११ गुंड्या हव्यात. सराव झालेल्या हाताला चरख्यावर एका गुंडीला दोन-अडीच तास लागतात. म्हणजे सदऱ्यामागे पंचवीसएक तास नुसते कातणे. पिंजण, खळ, ताणा, विणणे, शिवणे वेगळे. हा हिशेब कळलेला माणूस कपडा फाडून पोतेरे करताना दोनदा विचार करतो. माझ्या मते अपरिग्रहाचा यापेक्षा सोपा पाठ नाही.

मोजमाप हा सुताचा पहिला साक्षीदार, दुसरा विणकर. आपल्या सुताच्या प्रेमात पडणे सोपे असते. त्याचे कापड व्हायचे तर ते परक्या माणसाच्या मागावर जावे लागते. ताण्याला खळ लावून, वयीतून आणि फणीतून ओवून तो ताणला जातो आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला फणी धाग्यांना घासते. कच्चे सूत तिथे तुटते. तुटलेला धागा शोधायचा, सांधायचा, पुन्हा ओवायचा, यात विणकराची मजुरी जाते. हातसूत मागावर घ्यायला विणकर का नाखूश असत, याचे खरे कारण हे आहे. त्यात देशप्रेमाच्या कमतरतेचा काही संबंध नाही. नवशिक्याचे सूत बाण्याला घ्यायचे आणि हात बसल्यावर ताण्याला, ही जुनी रीत दोघांची अब्रू राखणारी आहे. एकाची बेफिकिरी दुसऱ्याची मजुरी कशी बुडवते, हे इथे प्रवचनाशिवाय कळते.

तिसरा साक्षीदार मजुरी, आणि इथेच बहुतेकांची साधना पातळ होते. चरखा संघाने खेडोपाडी काम नेले, पण दिवसभर कातून बाईच्या हाती आणा-दीड आणाच पडत असे. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारी उपाशी राहत होती. १९३५ मध्ये गांधीजींनी हा प्रश्न लावून धरला. आठ तासांच्या कामाला आठ आणे पडले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. संघाला तेवढे झेपले नाही, पण निर्वाहापुरती मजुरी दिलीच पाहिजे हे तत्त्व वर्ध्याच्या बैठकीत मान्य झाले आणि खादी महागली. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, भांडारवाले धास्तावले. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी सेवाग्रामला संघापुढे स्वतःच्याच वीस-पंचवीस वर्षांच्या कामाचा कठोर झाडा घेतला: खादी पसरली, विचार पसरला नाही. पुढच्या वर्षीपासून खादी घेणाऱ्याने किमतीचा काही भाग सुतात द्यावा, अशी अट आली. घेणाऱ्यालाही कातण्यात किती वेळ जातो ते कळावे, हा हेतू. विक्रीच्या दृष्टीने ती अडचणीची होती, पण विचार सरळ होता. दुसऱ्याच्या श्रमाला साधना म्हणायचा अधिकार, तो श्रम स्वतः करून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

हा मुद्दा आज अधिकच टोचतो. शहरात वारसा-कलांच्या कार्यशाळा होतात. शनिवार-रविवार, उदबत्ती, मंद संगीत, एक टकळी घरी न्यायला. त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. त्यातूनही काही हात तयार होतात. पण ज्याच्या घरात कारागिरी जातीने आली, जो ती सोडून मुलाला दुसरीकडे नोकरीला लावायची धडपड करतो आहे, त्याला त्याच कामातली शांती समजावून सांगणे हा उद्धटपणा आहे. निवडलेले काम आणि लादलेले काम यांत फरक आहे, आणि तो फरक विसरून केलेले पुनरुज्जीवन जुन्या उतरंडीला नवी झूल घालते. कातण्याची एक जमेची बाजू अशी, की ते एका जातीचे राखीव काम कधी फारसे नव्हते. सगळ्या थरांतल्या बायका कातत. सगळ्यांनी करण्याजोगे काम म्हणून चरखा निवडला गेला, त्यात ही सोय होतीच.

सरकारी पातळीवर चित्र संमिश्र आहे. राष्ट्रध्वज हातसुताचा आणि हातमागाचाच असला पाहिजे, ही अट डिसेंबर २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे कापडही आता चालते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ध्वज बनवते. त्या कामामागे कातणारे आणि विणणारे हात आहेत. वर्ध्यात मगन संग्रहालय १९३८ पासून उभे आहे. चरख्याची किती रूपे होऊन गेली ते तिथे पाहता येते. पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले होते. तिथे १२ फेब्रुवारीला लोक जमतात आणि स्वतः कातलेली एकेक गुंडी अर्पण करतात. ही सूतांजलीची कल्पना विनोबांची. हार नको, फुले नकोत, ६४० तारा आणा. श्रद्धांजलीलाही माप असावे, हे मला फार विनोबांसारखे वाटते.

आता पुस्तकाविषयी. पहिला भाग कापूस, सरकी आणि पेळू यांचा आहे. तो वगळून थेट कातण्याकडे जाऊ नये. दुसरा टकळीचा, तिसरा पेटीचरख्याचा: माळ किती ताणायची, चात सरळ कशी करायची, कुकडी निमुळती का भरायची, तुटलेली तार कशी सांधायची. चौथ्या भागात मोजमाप आहे आणि पाचव्यात विणकराशी कसे बोलायचे, त्याला काय हवे असते, त्याच्या कामाचे पैसे कसे ठरवायचे. ध्यान, श्वास, मंत्र यांवर वेगळे प्रकरण नाही. ज्याची जशी श्रद्धा असेल तशी त्याने जोड द्यावी. कुणी नाम घेईल, कुणी गप्प बसेल, कुणी मुलाला पाढे म्हणवून घेत कातेल. सूत सगळ्यांचे एकाच काट्यावर चढेल.

रोज अर्धा तास पुरे. आठवड्याला एकदा मोजा आणि आकडा वहीत लिहा, वाईट असला तरी. पहिली गुंडी काचेत घालून भिंतीवर लावू नका. ती विणकराकडे न्या. तो नको म्हणाला तर का नको ते विचारा, घरी या आणि तेवढेच दुरुस्त करा. त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या दिवशी द्या. कातताना मनाला काय वाटले याची नोंद ठेवायची इच्छा झाली तर अवश्य ठेवा, पण ती शेवटच्या पानावर. आधीची पाने अंकाची, कसाची आणि मजुरीची असू द्या. कधीतरी तो विणकर तुमची गुंडी ताण्याला घ्यायला तयार होईल, आणि त्या दिवसापासून तुम्हाला या पुस्तकाची गरज उरणार नाही.